ग्रंथ कानाने शोधावा

आज ज्ञानेश्वरी कपाटात असते, तुकोबारायांचा गाथा पिशवीत असतो आणि हरिपाठाची पुस्तिका खिशात असते. त्यामुळे आपला सहज असा समज होतो की संतांनी बैठक मारली, बोरू हातात घेतला आणि ग्रंथ लिहून काढला. प्रत्यक्ष इतिहास निराळा आहे. आपल्या संप्रदायाचे बहुतेक वाङ्मय आधी बोलले गेले, मग दुसऱ्या कोणाच्या तरी कानात शिरले आणि त्या कानातून कागदावर उतरले. पुढे त्यात दोष शिरले, तेही वाचता-ऐकताना ध्यानात आले आणि वाचून-ऐकूनच निवारले गेले. आज ज्याला आपण संपादन म्हणतो त्याला जुने लोक 'शोधन' म्हणत. 'ग्रंथ शोधला' म्हणजे हरवलेला सापडवला असे नव्हे, तर शुद्ध केला. हे शोधन आपल्याकडे शतकानुशतके डोळ्याइतकेच, किंबहुना अधिक, कानाने चालले. त्याचा थोडा विचार या लेखात करू, कारण आता लिहिणारे पुष्कळ झाले आहेत आणि लिहिलेले मोठ्याने वाचून पाहणारे कमी.

वक्ता एक, लेखक दुसरा

आरंभ व्यासांपासून करावा. महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीला विनंती केली, ही कथा लहान मुलालाही ठाऊक असते. गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय एकही अक्षर लिहू नये. कीर्तनात आपण ही कथा व्यासांच्या चातुर्यासाठी सांगतो. पण तिच्यात लेखनाचे एक शास्त्र आहे. बोलणाऱ्याचे वाक्य ऐकणाऱ्याला समजले, तरच ते कागदावर जायचे. न समजल्यास लेखणी उभी राहायची. म्हणजे लेखक हाच ग्रंथाचा पहिला श्रोता आणि पहिला परीक्षक.

आपल्या संतमंडळींतही हीच रीत दिसते. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली नेवाशाला ज्ञानोबारायांनी गीतेवर निरूपण केले आणि ते सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. ग्रंथाच्या शेवटी हा शक आणि हे नाव दोन्ही आले आहेत. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहिले, याची यादीही परंपरेने जपली आहे. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहिले, सावतोबांचे काशीबा गुरवांनी लिहिले आणि जनाबाईंचे तर प्रत्यक्ष पांडुरंगाने लिहिले, असे आपण मानतो. तुकोबारायांच्या बाबतीत चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ ही दोन नावे परंपरा सांगते. अनंतभट्ट ब्राह्मण आणि चोखोबा महार. त्या काळात चोखोबांच्या मुखातून निघालेले अक्षर अनंतभट्टांच्या कानाने झेलावे, याचा सामाजिक अर्थ मोठा आहेच. पण लेखनाच्या दृष्टीनेही पाहा. बोलणारा आणि लिहिणारा एकाच घरातले, एकाच वळणाचे नसले म्हणजे बोलणाऱ्याला स्पष्टच बोलावे लागते. अर्धा शब्द गिळून चालत नाही.

श्रोत्यांपुढे उभी राहिलेली ज्ञानेश्वरी

ज्ञानेश्वरी सावकाश वाचणाऱ्याला एक गोष्ट ठायी ठायी आढळते. माउली सारखे श्रोत्यांकडे वळतात. कुठे अवधान मागतात, कुठे निरूपण लांबले म्हणून त्याचे कारण सांगतात, कुठे विषयांतर झाल्याचे ओळखून मूळ श्लोकाकडे परततात. नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांच्या अवधानाने होतो. समोर निवृत्तिनाथ बसलेले आहेत, संतसभा आहे. हे सगळे ग्रंथात जसेच्या तसे राहू दिले आहे.

कोणी म्हणेल, ही काव्याची एक पद्धत आहे. असेल. पण नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथात ती इतकी सतत आणि इतकी जिवंत राहते, याचे कारण बोलणाऱ्याला समोरच्या चेहऱ्यांचे भान आहे. एखादा दृष्टांत पुरेसा झाला की नाही हे श्रोत्याच्या डोळ्यांत दिसते. कठीण सिद्धांतानंतर दोन सोपे दृष्टांत येतात, लांब निरूपणानंतर एखादी ओवी दम खाऊ देते. बंद खोलीत लिहिणाऱ्याला हा हिशेब सुचत नाही. ओवीचा बांधाही कानासाठीच आहे. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड. तीन पावले चढून चौथ्या पावलाला थांबावे तसे. ऐकणाऱ्याला तेथे अर्थ आत घ्यायला क्षणभर मोकळीक मिळते.

हरताळ आणि काकपद

कानाने परीक्षा करण्याची ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. वेद शेकडो वर्षे लिहिल्यावाचून टिकले ते पाठाच्या प्रकारांमुळे. पदपाठात शब्द सुटे म्हणायचे, क्रमपाठात दोन-दोन जोडायचे, जटा आणि घन या पाठांत तेच शब्द पुढे-मागे फिरवून म्हणायचे. इतक्या वेळा इतक्या दिशांनी उच्चारलेल्या शब्दात एक मात्रा चुकली तरी शेजारी बसलेल्याच्या कानाला ती बोचते. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकाची सहा लक्षणे दिली आहेत. गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलवणारा, लिहिलेले पाहून म्हणणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक आवाजाचा. यातले 'गाऊन म्हणणारा' हे लक्षण आम्हा कीर्तनकारांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याकडे पुढे येतो.

पोथ्यांचा काळ आला तरी कानाची गरज संपली नाही, कारण जुन्या पोथीत शब्द सुटे लिहिण्याची रीत नव्हती. ओळ सलग चालायची, मध्ये फक्त दंड. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने ठरवायचे. 'देवळातनजावे' एवढी अक्षरे एका ओळीत असली तर एक जण 'देवळातन जावे' असे वाचेल आणि दुसरा 'देवळात न जावे' असे. अक्षर तेच आणि अर्थ उलटा. मागचे-पुढचे मोठ्याने वाचल्याखेरीज येथे निर्णय होत नाही. म्हणून पोथी वाचणे म्हणजे ती उच्चारणे, हेच गृहीत होते.

पोथीची नक्कल झाली की एकाने मूळ प्रत वाचायची आणि दुसऱ्याने नवी प्रत डोळ्यासमोर धरून जुळवून घ्यायची. अक्षर गळलेले आढळले की ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण करून ते समासात लिहीत. त्या खुणेला काकपद म्हणतात. अक्षर जास्तीचे किंवा चुकीचे असले तर त्यावर हरताळ हे पिवळे द्रव्य लावून ते झाकीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तेथून आला; दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ निराळा. जुन्या पोथीत जागोजागी पिवळे ठिपके दिसले तर ती गबाळी समजू नये. कोणीतरी ती बसून ऐकली आहे, याचा तो पुरावा आहे. ज्या पोथीत एकही काकपद नाही आणि कोठेच हरताळ नाही, तिच्याकडे जाणता माणूस थोड्या संशयाने पाहतो.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, कागद कसा असावा, याचे बारीक विवेचन त्यात आहे. इतकी काळजी कशासाठी? पुढच्या वाचणाऱ्याची जीभ अडखळू नये म्हणून.

नाथमहाराजांचे दोन प्रसंग

शोधनाच्या इतिहासात नाथमहाराजांचे स्थान सर्वांत मोठे आहे. त्यांच्या चरित्रातले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला एकनाथी भागवताचा. भागवताच्या एकादश स्कंधावरील या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणला झाले आणि पुढचा ग्रंथ वाराणसीला झाला, हे ग्रंथातच नमूद आहे. शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिक पौर्णिमेला तो पूर्ण झाला. चरित्रपरंपरा असे सांगते की पहिल्या अध्यायांची प्रत काशीत पोहोचली, ती कोणी वाचताना तेथील विद्वानांच्या कानी पडली, आणि प्राकृतात भागवत सांगितल्याबद्दल मोठा आक्षेप निघाला. नाथांना काशीला बोलावले गेले. तेथे ग्रंथ वाचला गेला आणि जे आक्षेप घ्यायला बसले होते तेच ऐकता ऐकता विरघळले. कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ ज्या नगरीत पूर्ण झाला, तेथे मराठीला मान देणारे कमी आणि चूक काढायला टपलेले कान पुष्कळ होते. नाथांनी त्या कानांना टाळले नाही. अनुकूल श्रोता आपल्याला उत्साह देतो, प्रतिकूल श्रोता आपल्याला नेमकेपणा देतो. भागवतातले नाथांचे निरूपण इतके नीटस, इतके पायरीपायरीने का जाते, याचे एक कारण मला या काशीच्या सभेत दिसते.

दुसरा प्रसंग ज्ञानेश्वरीच्या शोधनाचा. ज्ञानेश्वरी झाल्यावर २९४ वर्षांनी, शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ साली, नाथांनी ती शुद्ध केली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती याच कार्याची आठवण. शेवटी जोडलेल्या ओव्यांत नाथांनी सांगितले आहे की मूळ ग्रंथ अतिशुद्धच होता, पण पाठांतरांमुळे त्यात अबद्ध शिरले, म्हणून शोधन करावे लागले. पाठांतर या शब्दाचे येथे दोन्ही अर्थ मनात घ्यावेत. एक म्हणजे पाठभेद आणि दुसरा म्हणजे तोंडपाठ करणे. लोकांना ज्ञानेश्वरी तोंडपाठ होती म्हणूनच ती टिकली, आणि तोंडपाठ होती म्हणूनच ती बदलली.

नाथांना माउलींनी स्वप्नात दर्शन देऊन आळंदीला येण्यास सांगितले, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे ती काढ म्हणून, ही कथा आपल्या हृदयात आहे. आमच्या गुरुजनांनी कीर्तनात तिचा असा अर्थ लावला होता की मुळी कंठालाच लागली, हाताला किंवा पायाला नाही. वाणीला अडथळा झाला होता. तो काढणे म्हणजेच ज्ञानेश्वरीचे शोधन.

कानाची मर्यादा

येथे एका अवघड प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली त्यांना सापडलेल्या एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ही पोथी नाथांच्या शोधनाआधीची आहे असे त्यांचे मत होते आणि तिच्यातील भाषेची रूपे अधिक जुनी आहेत असे त्यांनी दाखवले. पुढे १९६० साली शासनाने काढलेल्या ज्ञानेश्वरीनेही राजवाडे प्रतीचाच आधार घेतला. या वादात अभ्यासकांचा एक पक्ष असे म्हणतो की नाथांच्या प्रतीत भाषा सोळाव्या शतकाकडे झुकली. आपल्यापैकी काहींना हे ऐकून राग येतो. राग येण्याचे कारण नाही. प्रश्न नीट समजून घ्यावा.

कानाचा एक स्वभाव आहे. जे ओळखीचे, ते त्याला शुद्ध वाटते. जुने, अनोळखी रूप आले की कान म्हणतो, येथे काहीतरी चुकले. जीभ नकळत ते आपल्या काळाच्या वळणावर नेते. पाठ करणाऱ्या पिढ्यांनी हेच केले आणि त्यात कोणाचाही खोटेपणा नव्हता. तीनशे वर्षांत ज्या घराघरांतून ग्रंथ म्हटला गेला त्या घरांची बोली त्याला लागली. नाथांपुढे ज्या प्रती आल्या त्या याच घरांतून आलेल्या होत्या. म्हणून नाथांनी जे केले त्याचे मोल भाषेच्या जुन्या रूपांवरून ठरवू नये. त्यांनी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे या वाहत्या पाण्याला बांध घातला. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी सक्त ताकीद दिली की यात कोणी आपली ओवी घालू नये. स्वतः इतका मोठा कवी, ओवी ज्याच्या मुखात खेळते असा माणूस, दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावताना आपली एक ओवीही त्यात मिसळत नाही. जे सांगायचे ते शेवटी वेगळे सांगतो आणि आपले नाव घालून सांगतो. हे शोधनाचे व्रत आहे.

यातून एक नियम निघतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या लेखनात कान अडखळला तर आपले लेखन बदलावे. संतांच्या वचनात कान अडखळला तर आपण थांबावे, जुनी पोथी पाहावी, जाणत्याला विचारावे. पहिल्या ठिकाणी कान न्यायाधीश आहे, दुसऱ्या ठिकाणी तो फक्त फिर्यादी आहे. आज नेमके उलटे होते. स्वतःचे लिहिलेले कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही आणि अभंगातला शब्द मात्र 'असा जास्त बरा वाटतो' म्हणून सहज बदलला जातो.

गाणे झाकते, वाचणे उघड करते

तुकोबारायांनी सांगितले आहे की नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन त्यांना कवित्वाची आज्ञा केली आणि मापाचे काम विठ्ठलाने स्वतःकडे घेतले. माप म्हणजे अक्षरांचे माप असे समजायला हरकत नाही. मोठ्या अभंगाला सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. लहान अभंगाला आठ-आठ अक्षरांचे. हे माप तुकोबारायांनी मोजून सांभाळले असेल असे वाटत नाही, ते त्यांच्या कानातच होते. टाळाच्या ठेक्यावर चालणाऱ्या माणसाला सहा अक्षरे बोटांवर मोजावी लागत नाहीत.

वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही आपली श्रद्धा. त्याबरोबर हेही खरे की तोवर ते अभंग शेकडो मुखांत जाऊन बसले होते. संताजींच्या घराण्यात त्यांची वही जपली गेली आणि विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास तिच्यावरून गाथा छापला. त्या वहीचे लेखन व्याकरणाच्या शिस्तीपेक्षा बोलण्याच्या जवळचे आहे. ऐकले तसे उतरवले. त्याआधी मुंबई सरकारच्या आश्रयाने शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी अनेक ठिकाणच्या प्रती मिळवून १८६९ ते १८७३ या काळात गाथा सिद्ध केला होता आणि त्यात पाठभेद दाखवले होते. ते पाठभेद वाचू लागले की कित्येक ठिकाणी उच्चारात जवळचे असलेले शब्द एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. ऐकून लिहिले की असेच होणार.

आता तो गाऊन म्हणण्याचा दोष. अभंग आपण चालीत म्हणतो. चालीत एक अक्षर कमी असले तर आपण आधीचे लांबवतो, एक जास्त असले तर दोन अक्षरे एका मात्रेत बसवतो. मृदंग सांभाळून घेतो, टाळकरी सांभाळून घेतात. मध्ये 'हो', 'रे', 'देवा' असे भर घालणारे शब्द येतात आणि नकळत लिहिणाऱ्याच्या वहीतही जातात. गाण्यात दोष ऐकू येत नाहीत, कारण गाण्याचे कामच उणे-अधिक सामावून घेणे हे आहे. भजनासाठी हे वरदान आहे. शोधनासाठी मात्र अभंग सपाट वाचला पाहिजे. चाल नाही, टाळ नाही, हातवारे नाहीत. मग गळलेले अक्षर लगेच उघडे पडते आणि अर्थ कुठे लंगडतो तेही कळते.

छापखाना आणि संथा

१८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. छापखान्याने ग्रंथ घरोघर पोहोचवला, हे उपकार विसरू नयेत. जुन्या छापखान्यांतही मुद्रिते तपासायला दोन माणसे बसत. एक मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा, दुसरा छापलेल्या कागदावर खुणा करायचा. पोथीच्या काळची जुळवणीच ती. पण ग्रंथ स्वस्त झाला तसा मनात वाचण्याचा प्रघात वाढला आणि उच्चार मागे पडला.

तो पुन्हा उभा करण्याचे काम वै. विष्णुबुवा जोगमहाराजांनी केले. १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन झाली. तेथील चार वर्षांच्या अभ्यासात संथा आणि पाठांतर यांना जे स्थान आहे, ते परीक्षेत गुण मिळवण्यासाठी नाही. गुरूने म्हणावे, शिष्याने तसेच म्हणावे, चुकले की तेथल्या तेथे थांबवावे. एका विद्यार्थ्याचे चुकले की दहा जणांचे सुधारते. पुस्तकात चूक असली तर संथेत ती पकडली जाते. संथेत बसलेला मनुष्य पुढे लिहू लागला की त्याच्या लेखनात एक शिस्त आपोआप येते, कारण ओळ लिहिताना ती त्याच्या कानात वाजत असते.

आज लिहिणाऱ्यांसाठी

पन्नासएक वर्षे कीर्तनसेवा झाली, आता आवाज साथ देत नाही म्हणून थांबलो. तरुण मंडळी आपली लिहिलेली कीर्तने, लेख, छोटी पुस्तके घेऊन घरी येतात. ज्ञान चांगले असते, तळमळ असते. मी एकच विनंती करतो, मला हे वाचून दाखवा. पहिल्या पानातच वाचणारा दोन-तीनदा स्वतःच थांबतो आणि म्हणतो, महाराज, हे जरा बदलतो. मी काहीच बोललेलो नसतो. ते मोबाईलवर लिहिताना डोळ्याने दहा वेळा पाहिलेले असते. डोळा आपल्याला जे म्हणायचे होते ते वाचतो. जीभ जे लिहिले आहे ते वाचते.

कीर्तनकाराची एक अडचण मात्र निराळी आहे, ती सांगतो. एकाने लिहिले होते: 'नामदेव विसोबांकडे आले तेव्हा त्यांचे पाय पिंडीवर होते. त्यांनी ते उचलून दुसरीकडे ठेवावे असे ते म्हणाले.' पाय कोणाचे, उचलायचे कोणी, म्हणाले कोण? कीर्तनात हाच मजकूर कोणाला अडत नाही, कारण आपण हाताने पिंडी दाखवतो, मान वळवून नामदेव होतो, आवाज बदलून विसोबा होतो. कागदाला हात नाहीत. म्हणून कीर्तनकाराने आपले लेखन कीर्तनासारखे वाचून तपासू नये. पोथीतला पाठ जुळवावा तसे सपाट वाचावे. त्याहून बरे म्हणजे दुसऱ्याला वाचायला द्यावे आणि आपण ऐकावे. आपल्या वाक्याचा अर्थ आपल्याला आधीच माहीत असतो, म्हणून आपली जीभ योग्य जागी थांबून दोष झाकते. परक्या जिभेला तो अर्थ ठाऊक नसतो. ती जेथे चुकीच्या जागी थांबली, तेथे दोष वाचणाऱ्याचा नाही, आपला आहे.

ऐकताना काय पाहावे? वाक्य संपण्याआधी श्वास संपला तर वाक्याचे दोन करावेत. एकच शब्द कानावर पुन्हा पुन्हा आदळला तर एक ठेवून बाकीचे काढावेत. वाचताना एखादा परिच्छेद भरभर उरकावासा वाटला तर तो ऐकणाऱ्यालाही नको असतो, त्यावर हरताळ फासावा. आणि ज्या वाक्याचा आपल्याला फार अभिमान वाटतो, जे वाचताना आवाज आपोआप चढतो, तेथे दोनदा थांबावे. ते वाक्य पांडुरंगासाठी आहे की आपल्यासाठी, हे त्या चढलेल्या आवाजात कळते. श्रोता विद्वानच हवा असे नाही. घरातले वृद्ध, शेजारची शाळकरी मुलगी, कोणीही चालेल. त्यांनी सूचना केली नाही तरी चालते. ते कंटाळले की आपल्याला दिसते.

हे एवढे कशाला करायचे, असे कोणी विचारेल. आपल्या संप्रदायात लिहिलेला शब्द वाचणाऱ्यापाशी थांबत नाही, म्हणून करायचे. पुस्तकातला एक पाठ एक कीर्तनकार प्रमाण म्हणून घेतो, तो दहा गावांत जातो, तेथील मुले तो पाठ करतात. चुकीचा शब्द एकदा भोळ्या माणसाच्या पाठांतरात बसला की तो काढणे महाकठीण, कारण त्याने तो श्रद्धेने धरलेला असतो. पारायणाच्या वेळी ध्वनिक्षेपकावर इतक्या वेगाने वाचन चालते की शब्दाला शब्द कळत नाही. पाणिनीय शिक्षेने घाईने म्हणणाऱ्याला अधम पाठक का म्हटले ते तेथे समजते. वाचणाऱ्याचा पाठ पूर्ण होतो, पण मंडपात बसलेल्या ज्या कानांनी चूक पकडायची त्यांना संधीच मिळत नाही. नाथांनी ज्या कारणासाठी ज्ञानेश्वरी शोधली, तेच कारण आपण रोज थोडे थोडे पुन्हा निर्माण करतो आहोत.

म्हणून पारायणात रोज निदान एक अध्याय तरी असा वाचावा की मागे बसलेल्या म्हातारीलाही प्रत्येक शब्द सुटा ऐकू येईल. आणि ज्यांना लिहिण्याची बुद्धी देवाने दिली आहे त्यांनी लिहिलेले कोणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. माउलींना निवृत्तिनाथ होते, चोखोबांना अनंतभट्ट होते, तुकोबारायांना संताजी होते. आपल्यालाही एक ऐकणारा मिळेल. तो शोधावा, त्याच्यापुढे बसावे आणि सावकाश वाचावे.

रामकृष्णहरि.